सुरीची धार आणि परवाचा टोमॅटो

मागच्या महिन्यात जांभळी नाक्याच्या मार्केटमधून धार लावायचा कार्बोरंडमचा दगड आणला, एक बाजू जाड एक बारीक, आणि रविवारी दुपारी ओट्यावर ओलं फडकं अंथरून त्यावर दगड ठेवून घरातली सुरी घासत बसलो. अर्ध्या तासाने पेपर उभा धरून सुरी फिरवली तर सर्रकन कापला. टोमॅटोही मस्त. आई म्हणाली, "आत्ता कापतेय रे, परवा बघू." मला रागच आला जरा. आणि परवा भाजी चिरताना तिनेच हाक मारली, टोमॅटोची साल नुसती दबत होती आणि आतला रस ओट्यावर.

झालं काय होतं, तर मी टेस्ट केली ती धारेची नव्हतीच, ती काठावर उरलेल्या कच्च्या कडेची होती. दगडावर एक बाजू घासत गेलं की काठ इतका पातळ होतो की तिथलं पोलाद झिजायच्या ऐवजी दुसऱ्या बाजूला वळतं आणि एक बारीक कच्ची कड लोंबत राहते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात, डिबरिंग म्हणजे बर काढणं, हा शब्द त्यावरूनच. ही कड पातळ असते म्हणून पेपर झकास कापते, पण ताकद काहीच नाही, पाटावर दहा-वीसदा आपटली की दुमडते नाहीतर तुटून जाते आणि खाली उरतो तो बोथट काठ. म्हणजे सुरी दोन दिवसांत बोथट झाली असं मला वाटलं, खरं तर ती धारदार झालेलीच नव्हती.

बर बोटाला कळते. अंगठा पात्यावरून काठाकडे आणि काठाच्या बाहेर असा हलका सरकवायचा (काठाच्या लांबीने कधीच नाही, सरळ बोट कापेल). एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने नखात धागा अडकल्यासारखं लागलं की बर आहे. घासताना ती यायलाच हवी, कारण ती आली म्हणजे आपण खरंच काठापर्यंत पोचलो. पण नंतर काढायला पण हवी! दगडाच्या बारीक बाजूवर जोर न देता एकदा इकडून एकदा तिकडून, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर काठ मागे ओढत दहा-बारा हात. मी हे शेवटचं सगळं गाळलं होतं.

धार डोळ्यांना दिसत नाही, बोथटपणा दिसतो. चांगल्या सुरीचा काठ साधारण 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असतो, आपला केस 50 ते 100 मायक्रॉन. जोर तेवढाच पण तो इतक्या चिंचोळ्या जागेत पडला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून साल फाटते. काठ गोलावला की तोच जोर पसरतो आणि टोमॅटो चेपतो. आता मोबाईलचा टॉर्च लावून काठ वर करून बघा, धारदार काठावर उजेड परत यायला जागाच नसते, काळी रेघ दिसते, आणि जिथे बोथट तिथे पांढरा ठिपका चमकतो. मला ही टेस्ट सगळ्यात आवडते, काही कापायला लागत नाही.

पेपरची टेस्ट वाईट नाही पण फसवते. कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने लागतात, म्हणूनच वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं. सोप्या दिशेने कापलं तर साधारण सुरी पण पास होते, त्यामुळे आडव्या दिशेनेच कापायचं. शिवाय सुरी ओढत कापली की कमी जोर लागतो, नुसती दाबून कापली की जास्त, म्हणजे ओढून पास झालेली सुरी दाबून नापास होऊ शकते. टोमॅटोचं अजून उलटं, अगदी आरशासारखा पॉलिश केलेला काठ त्याच्या गुळगुळीत सालीवरून कधीकधी घसरतो आणि थोडा खरखरीत काठ पटकन चावतो. हातावरचे केस भादरून धार बघणारे पण असतात, ते त्यांना लखलाभ.

गंमत म्हणजे आईचं "परवा बघू" इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कॅट्रा या संस्थेच्या मशीनमध्ये पण आहे. आयएसओ 8442-5 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे सुरी घट्ट बांधतात आणि सिलिका (वाळूतलं कठीण खनिज) मिसळलेल्या जाड कागदी कार्डाची चळत ठरलेल्या वजनाने तिच्यावर पुढेमागे फिरवतात, 60 वेळा. पहिल्या 3 फेऱ्यांत किती कार्ड कापलं ती सुरुवातीची धार, सगळ्या फेऱ्यांत मिळून किती कापलं तो टिकाऊपणा. दोन वेगळे आकडे. मी फक्त पहिला बघून खूश झालो होतो.

परत घासली, यावेळी बर काढून. पाचव्या दिवशी पिकलेला टोमॅटो सुरीच्या वजनानेच कापला, आईने न बोलता पुढचा घेतला. फक्त टोकाकडच्या इंचभर भागात टॉर्चखाली अजून दोन ठिपके चमकतायत, तिथे पातं वळतं आणि माझा हात दगडावर मूठ उचलायला विसरतो.