वाघिणीवरची अक्षरे आणि पापुद्र्याखालची हवा

ब्रिटिश मालगाड्यांच्या लघुप्रतिकृती करणाऱ्यांमध्ये एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२, हे प्रमाण फार प्रचलित आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०४ पासून आपल्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, २५ इंच उंचीची अक्षरे रंगवायला सुरुवात केली होती आणि १९३६ च्या सुमारास ती अवघ्या ५ इंचांवर आणली. या प्रमाणात पहिली अक्षरे ८.३ मिलिमीटरची होतात, तर दुसरी जेमतेम १.७ मिलिमीटरची. रिकाम्या वाघिणीचे वजन सांगणारे आकडे तर त्याहूनही बारीक असतात. ती कुंचल्याने रेखाटणे बहुतेकांच्या हाताबाहेरचे असल्यामुळे छापील ट्रान्स्फरचा, म्हणजे कागदावरून सुटून वाघिणीवर चिकटणाऱ्या तयार अक्षरांचा, आधार घेतला जातो. सुट्या भागांचे किट कितीही सफाईने जोडलेले असो, वाघीण खरी वाटते की खेळण्यातली, याचा निकाल बहुधा या अक्षरांवरच लागतो.

पाण्याने सुटणाऱ्या ट्रान्स्फरची रचना साधी आहे. खाली शोषक कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर (हा बहुधा स्टार्चपासून मिळणारा डेक्स्ट्रीन असतो), त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर शाईची अक्षरे. पाणी मागच्या बाजूने कागदात झिरपते, डिंक सैल करते आणि पापुद्रा कागदावरून सरकू लागतो. तो सरकला तरी डिंकाचा काही भाग त्याच्या पोटाशी राहतो आणि तोच पुढे चिकटण्यास मदत करतो. म्हणूनच तुकडा पाण्यात तरंगत ठेवू नये. काही सेकंद बुडवून ओल्या कापडावर मिनिटभर ठेवणे अधिक चांगले.

खरी अडचण पुढेच असते. वाळल्यानंतर अक्षरांभोवती चंदेरी, धुरकट कडा दिसू लागते आणि नवखा माणूस ट्रान्स्फरला किंवा डिंकाला दोष देतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. मॅट रंगाला चमक नसते, कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. रंगात मिसळलेल्या सिलिकासारख्या पदार्थाचे कण त्यावर उंचवटे तयार करतात. पापुद्रा या उंचवट्यांच्या माथ्यांवर टेकतो आणि मधल्या खळग्यांत हवा अडकून राहते. प्लॅस्टिकसदृश पापुद्र्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे १.५ आणि हवेचा १ असल्याने त्यांच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. खळग्यातली हवा ओलांडून रंगाच्या थरात शिरताना पुन्हा जवळपास तेवढाच. असे असंख्य वेडेवाकडे खळगे मिळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि पापुद्रा, जो दिसूच नये, तो पांढुरका दिसू लागतो. याउलट पापुद्रा वार्निशला सलग भिडला, तर दोघांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्यामुळे त्या सीमेवरून हजारातला एक भागही प्रकाश परतत नाही. घासलेल्या धूसर काचेवर पाणी पडले की तेवढ्या जागेतून पलीकडचे दिसू लागते, त्यामागेही हेच कारण आहे.

म्हणून अक्षरे लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. हा टप्पा अनेकजण कंटाळून गाळतात. माझ्या मते वेळ वाचवण्याची ही सर्वांत चुकीची जागा आहे.

सपाट पृष्ठभागावर एवढे पुरते, परंतु वाघिणीची बाजू सपाट नसते. फळ्यांमधल्या खाचा, लोखंडी पट्ट्या आणि रिव्हेट यांवर पापुद्रा तंबूसारखा ताणला जातो व खाली पुन्हा हवा राहते. त्यातच पाण्याचा पृष्ठताण प्लॅस्टिकच्या मानाने बराच जास्त असल्याने पाणी पसरण्याऐवजी थेंबांत गोळा होते. बसवण्यासाठी मिळणारे, बरेचदा व्हिनेगरसारखा वास येणारे द्रावण पाण्याला पसरण्यास मदत करते. मऊ करणारे दुसरे द्रावण त्याहून तीव्र असते: त्यातील द्रावक पापुद्राच नरम करतो आणि तो खाचेत उतरून रिव्हेटवर बसतो. हे लावल्यावर काही मिनिटांत अक्षरे सुरकुततात आणि सगळे बिघडले असे वाटते. या वेळी बोट किंवा ब्रश मुळीच लावू नये. नरम पापुद्रा लगेच फाटतो, आणि हात आवरला तर सुकताना सुरकुत्या आपोआप बसतात. खाच खोल असेल, तर वाळल्यावर धारदार ब्लेडने फळीच्या रेषेत चीर देऊन द्रावणाचा आणखी एक थेंब सोडावा. पापुद्र्याबाहेर उरलेला डिंक मात्र ओल्या ब्रशने टिपून घ्यावा, नाहीतर त्याचे पिवळट डाग वार्निशखाली कायमचे राहतात.

अक्षरांची ओळ सरळ ठेवण्यासाठी फळ्यांच्या खाचांचाच आधार घ्यावा. ०.२ मिलिमीटरची तिरकस चूक प्रत्यक्षातल्या १५ मिलिमीटरइतकी ठरते आणि शेजारच्या सरळ खाचेमुळे ती लगेच नजरेत भरते. किटच्या बाजू सुट्या असतील, तर जोडण्यापूर्वी त्या टेबलावर आडव्या ठेवून अक्षरे लावणे सोयीचे.

पाण्याऐवजी दाबून चिकटणारे प्रेसफिक्स आणि मेथिलेटेड स्पिरिटमध्ये थोडे पाणी मिसळून बसवायचे मेथफिक्स हे प्रकारही ब्रिटनमध्ये वापरात आहेत. त्यांत अक्षराभोवती पापुद्र्याची कडाच उरत नसल्याने चंदेरीपणाचा प्रश्न मोठ्या प्रमाणात टळतो. मात्र प्रेसफिक्सचे अक्षर एकदा दाबले की ते पुन्हा सरकवता येत नाही.

शेवटी मॅट वार्निश मारतात, तेव्हा खडबडीतपणा पुन्हा येतो, पण या वेळी तो पापुद्र्याच्या वर असतो आणि पापुद्रा व रंग दोघांची चमक सारखीच मोडतो. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर खासगी मालकांच्या वाघिणींना ‘पी’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक मिळाले आणि त्यांवर रंगवलेली जुन्या कोळसा कंपन्यांची मोठी नावे वर्षानुवर्षे फिकट होत गेली. तसा परिणाम हवा असेल, तर वाघिणीच्याच रंगाचा अतिशय पातळ हात आधी जुन्या नावावरून फिरवावा आणि नवा क्रमांक त्यानंतर लावावा.