अलेक्झांड्रियाचे आद्य ख्रिस्ती संत व विद्वान

ईजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावर अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलेल्या अलेक्झांड्रिया शहरात दुसऱ्या ते पाचव्या शतकांत होऊन गेलेले ख्रिस्ती आचार्य, बिशप व हुतात्मे. येथील चर्चची स्थापना शुभवर्तमानकार मार्कने केली, अशी परंपरा आहे. ग्रीक तत्त्वज्ञान येथे मुरलेले होते, आणि ज्यू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतरही येथेच सुरू झाले होते. त्यामुळे नव्या धर्माला या शहरात पहिल्यापासून वादाच्या आखाड्यात उतरावे लागले.

धर्मदीक्षा घेणाऱ्यांना शिकवणाऱ्या येथील विद्यापीठाचा पहिला ज्ञात आचार्य पँटेनस (सु. १८०). तो आधी ग्रीक तत्त्वज्ञानातल्या स्टोइक पंथाचा होता. युसेबिअस या इतिहासकाराच्या सांगण्यानुसार तो धर्मप्रचारासाठी भारतात गेला आणि प्रेषित बर्थलमयने मागे ठेवलेले, हिब्रू लिपीतील मत्तयचे शुभवर्तमान त्याला तेथे आढळले. त्या काळी ‘भारत’ हे नाव अरबस्तान वा इथिओपियालाही लावत, म्हणून ही हकीकत जपूनच घ्यावी लागते. अलेक्झांड्रियाचाच व्यापारी कॉस्मस याची सहाव्या शतकातली नोंद अधिक ठोस आहे. ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती समाज असून इराणातून नेमलेला बिशप असतो, असे तो लिहितो. हे ठिकाण म्हणजे आजचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात.

पँटेनसचा शिष्य क्लेमेंट याने, ज्यूंना जसे नियमशास्त्र तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारी, असे मांडले. त्याच्या ‘स्ट्रोमाटा’ ग्रंथात बुद्धाचा नावानिशी उल्लेख येतो. ग्रीक-रोमन वाङ्मयातला असा हा बहुधा पहिलाच उल्लेख.

या सर्वांत अफाट म्हणजे ओरिजेन (सु. १८५–सु. २५४). त्याचा बाप लिओनिडस ख्रिस्त्यांच्या २०२ च्या छळात मारला गेला. मुलगाही हौतात्म्यासाठी धावेल म्हणून आईने त्याचे कपडेच लपवून ठेवले, असे युसेबिअस सांगतो. अठराव्या वर्षी तो शिकवू लागला. पुढे अँब्रोज नावाच्या धनिकाने त्याच्या दिमतीला सातहून अधिक लघुलेखक, तितकेच प्रती करणारे आणि सुंदर हस्ताक्षराच्या मुली दिल्या. ओरिजेन सांगे आणि ते आळीपाळीने उतरवून घेत. जुन्या कराराचे हिब्रू व ग्रीक पाठ सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडणारे त्याचे ‘हेक्झाप्ला’ हे पाठचिकित्सेतले, म्हणजे ग्रंथाचा मूळ पाठ ठरवण्याच्या शास्त्रातले, पायाभूत काम होय. बिशप डेमेट्रिअसशी बिनसल्यावर त्याने पॅलेस्टाइनमधील सीझरिया गाठले. रोमन बादशहा डेसिअसच्या काळात त्याचे तुरुंगात हाल झाले. त्यातून तो वाचला, पण फार जगला नाही.

ओरिजेनचाच शिष्य, बिशप डायोनिसिअस याने नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाची भाषा-शैली तपासून ते योहानच्या शुभवर्तमानाच्या लेखकाचे नव्हे, असा निष्कर्ष काढला. हे तिसऱ्या शतकात, हे विशेष.

चौथ्या शतकात वाद पेटला तो पुत्र (ख्रिस्त) हा पित्याने (देवाने) निर्मिलेला आहे की पित्याइतकाच अनादी, यावर. पहिला पक्ष येथलाच धर्मगुरू एरिअस याचा, दुसरा अथेनेशिअसचा. ३२५ च्या नायसिया परिषदेने एरिअसला दोषी ठरवले, तरी वाद मिटला नाही. ३२८ ते ३७३ एवढ्या बिशपपदाच्या काळात अथेनेशिअसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, एकूण सु. १७ वर्षे त्यात गेली. नव्या कराराच्या आज रूढ असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम त्याच्याच ३६७ च्या पत्रात मिळते. संत सिरिल (बिशपपद ४१२–४४४) याने मरियेला ‘देवमाता’ म्हणण्याचा पक्ष ४३१ च्या एफिसस परिषदेत जिंकून दिला. मात्र त्याच्याच कारकिर्दीत, ४१५ मध्ये, गणिती व तत्त्वज्ञ हायपेशिया हिला ख्रिस्ती जमावाने ठार मारले. तो कितपत जबाबदार होता यावर मतभेद आहेत. डाग मात्र गेलेला नाही.

या शहरात संतपद प्रामुख्याने बिशपांना आणि हुतात्म्यांना लाभले, ग्रंथकारांना क्वचितच. क्लेमेंटचे नाव रोमन संतसूचीतून पुढे वगळण्यात आले. ओरिजेनच्या मतांचा ५५३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे धिक्कार झाला. त्याची झळ डिडिमसलाही लागली. चौथ्या वर्षी दृष्टी गेलेला, लाकडात कोरलेली अक्षरे चाचपून शिकलेला आणि बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याच्यासारख्यांना शिकवणारा हा आचार्य. पण त्याच्या ग्रंथांच्या नकला होणे मागे पडले आणि बरेचसे लेखन नाहीसे झाले. १९४१ मध्ये कैरोजवळच्या तुरा येथील जुन्या दगडखाणी युद्धकाळात साफ करताना मजुरांना पपायरसच्या चळती सापडल्या. त्यांत डिडिमसची भाष्ये होती, आणि ओरिजेनचेही काही लेखन.