व्हीबीए आणि एक्सेल ४ मॅक्रो: लपलेला कोड नेमका कुठे शोधायचा?

एक्सेलच्या वर्कबुकमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप कामं करणारा कोड, आहे का हे बघायला बहुतेक जण ऑल्ट+एफ८ दाबतात आणि यादी रिकामी दिसली की निर्धास्त होतात. पण प्रायव्हेट सब (सब म्हणजे कोडचा एक नाव दिलेला तुकडा) किंवा आर्ग्युमेंट, म्हणजे बाहेरून दिलेली माहिती, घेणारी सब त्या यादीत येतच नाही. फाइल उघडताच चालणारी वर्कबुक_ओपन ही सहसा प्रायव्हेटच असते. म्हणजे सगळ्यात आधी बघायला हवी तीच नेमकी गायब!

व्हीबीए, म्हणजे एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायची भाषा, तपासायला ऑल्ट+एफ११ दाबून तिचा एडिटर उघडा. फक्त मॉड्यूल्स पाहून थांबू नका. धिसवर्कबुक (अख्ख्या वर्कबुकचा कोड असतो तो भाग), प्रत्येक शीट आणि फॉर्म यांच्या मागचा कोडही उघडा. विंडो रिकामी वाटली तरी खाली स्क्रोल करा, कारण शेकडो रिकाम्या ओळींखाली कोड ढकलून ठेवणं ही जुनीच युक्ती आहे.

हे सगळं कोरं निघालं तरी एक्सेल ४ मॅक्रो उरतोच. तो १९९२ चा, व्हीबीए त्यानंतर १९९३ मध्ये एक्सेल ५ सोबत आला. दोघांनाही मॅक्रोच म्हणतात, पण जुन्याचा कोड एडिटरमध्ये नसतो. तो मॅक्रो शीटच्या सेल्समध्ये फॉर्म्युल्यासारखा, एकाखाली एक लिहिलेला असतो. बाहेरचा प्रोग्राम चालवणारं एक्झेक फंक्शन एखाद्या सेलमध्ये पांढऱ्या अक्षरांत बसलं असेल, तर नजरेला काहीच दिसत नाही. ती शीट 'व्हेरी हिडन' केली की राइट-क्लिकच्या अनहाइड यादीतही येत नाही. साध्या वर्कशीटला एडिटरच्या प्रॉपर्टीज विंडोतून परत आणता येतं. मॅक्रो शीट मात्र तिथल्या प्रोजेक्टच्या झाडात नसतेच. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून हे मॅक्रो डीफॉल्टने बंद ठेवले आहेत, पण सेटिंग बदललेलं असू शकतं.

मला विचाराल तर एक्सेल उघडूच नका. एक्सएलएसएम (मॅक्रो ठेवता येणाऱ्या) फाइलची प्रत काढा, एक्स्टेंशन बदलून झिप करा आणि एक्सएल फोल्डरमध्ये जा. व्हीबीएप्रोजेक्ट डॉट बिन दिसली तर व्हीबीए आहे, मग प्रोजेक्टला पासवर्ड असो वा नसो. मॅक्रोशीट्स नावाचं फोल्डर दिसलं तर एक्सेल ४ चा कोड असायची शक्यता आहे. वर्कबुक डॉट एक्सएमएलमध्ये शीटच्या नावापुढे व्हेरीहिडन लिहिलेलंही सापडतं. जुन्या एक्सएलएस फाइलवर ही युक्ती चालत नाही, कारण ती झिप नसतेच.