नैकुंडची लोखंडाची भट्टी: थोडी मागची गोष्ट

आमच्या नागपूर जिल्ह्यात फिरताना वावरात मोठमोठ्या दगडांचे गोल दिसतात, कोणी त्यातलेच दगड उचलून धुऱ्याला लावतो अन् विचारलं तर "जुनं काहीतरी आहे" एवढंच सांगतो. ही शिळावर्तुळं म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनं. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच खोदून पाहिली होती.

पण विदर्भातल्या या कामाला खरा जोर आला तो १९६० नंतर, अन् त्यात सगळ्यात मोठं नाव पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांचं. त्यांनी पवनार खोदलं, टाकळघाट-खापा खोदलं, मग माहुरझरी. माहुरझरीला माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले, घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने निघाले, लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. आता एवढं लोखंड आलं कुठून? इथंच बनवत होते की बाहेरून आणत होते?

याचं उत्तर पेंच नदीकाठच्या नैकुंडला मिळालं. देव अन् अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते ८० मध्ये तिथं नुसती दफनं नाही तर लोक राहायचे ती वस्तीसुद्धा खोदली, मला वाटते हाच सगळ्यात मोठा निर्णय होता, कारण भट्टी वस्तीतच सापडली. लहानशीच, गोल, मातीच्या वाकड्या विटांची, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या अन् लोखंडाची मळी, म्हणजे खनिजातून सुटणारा टाकाऊ भाग, सोबत. लोखंड पूर्ण वितळायला १५३८ अंश लागतात, अशा भट्टीत तेवढी आच होत नाही, म्हणून कोळसा अन् खनिज टाकून भाता मारत राहायचं, मळी पातळ होऊन सुटते अन् खाली राहतो तो स्पंजसारखा गोळा, तो तापवून घणानं ठोकून ठोकून आतली मळी काढायची तेव्हा कुठं कुऱ्हाडीजोगं लोखंड होते.

देवांनी मराठीतूनही पुरातत्त्वावर लिहिलं याचं मला फार मोल वाटते, कारण ज्यांच्या वावरात हे दगड आहेत त्यांनाच त्याची माहिती नसली तर दगड राहतील कसे?

मागच्या उन्हाळ्यात वखराची पास शेवटायला, म्हणजे त्याच्या पात्याला धार लावून घ्यायला गेलो तेव्हा लोहारकाकांना मोबाईलवर अशा मळीचा फोटो दाखवला. त्यांनी भाता थांबवला, फोटो मोठा करून पाहिला अन् पहिलाच प्रश्न केला, "नळी कोणत्या अंगानं लावत होते बाप्पा?"