खान्देशातल्या बायकांचा लढा : गुत्त्यापासून माणिक चौकापर्यंत

एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल बंडखोरांशी लढाई झाली. पुढारी शरण यावेत म्हणून इंग्रज फौजेने त्यांच्या बायका-पोरांना धरून नेलं. खान्देशातल्या बायांनी सरकारची झळ सोसली ती इतकी जुनी, पण या लढाईच्या हकिकतीत त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते.

खरा वाद १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींनी घेतलेल्या निर्णयाचा आहे. दांडीच्या तुकडीत एकही बाई घेतली नव्हती. इंग्रज होता होईतो बाईवर हात टाकत नाही, म्हणून बायकांना बरोबर नेणं म्हणजे त्यांच्या आडोशाला लपणं, अशी गांधीजींची त्यामागची भूमिका. अनेक कार्यकर्त्या यावर उघड नाराज झाल्या. मग गांधीजींच्या १० एप्रिलच्या लेखात दारू आणि परदेशी कापडाच्या दुकानांवरचं पिकेटिंग, म्हणजे दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाइकाला परतवणं, बायकांकडे सोपवलं गेलं.

हे काम दुय्यम होतं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. समुद्र नसलेल्या खान्देशात मिठापेक्षा जंगल आणि गुत्ता हेच सरकारशी भिडायचे जागते मुद्दे होते. ज्या गुत्त्यावरून एरवी पदर सावरून, मान खाली घालून झपझप जायचं, त्याच्याच दारात चारचौघांदेखत उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाला हात जोडायचे, याला हिंमत लागत होती. घरच्यांनी ते चालवून घेतलं, कारण दारूने संसार कसे धुऊन नेले ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मे महिन्यात पिकेटिंगविरुद्ध वटहुकूम निघाला आणि त्या दारातून तुरुंगाची वाट सुरू झाली.

बाईवर हात टाकणार नाहीत, हा भरवसा नंदुरबारच्या माणिक चौकात पार कोसळला. ९ सप्टेंबर १९४२ ला ‘नहीं नमशे’ (झुकणार नाही) म्हणत निघालेल्या मिरवणुकीत मुलीही होत्या. अधिकाऱ्याने त्यांच्यावरच बंदूक रोखली, तेव्हा पंधरा वर्षांचा एक मुलगा आडवा झाला, असं सांगतात. त्या दिवशी पाच कोवळी पोरं गेली. त्यांचं हौतात्म्य नंदुरबारने जपलं, ते योग्यच. मुली मात्र गोष्टीत वाचवल्या जाण्यापुरत्या उरल्या. घोषणा देत त्या स्वतः बंदुकीसमोर आल्या होत्या, हे क्वचितच सांगितलं जातं.

१९७० नंतर शहाद्याच्या भूमिहीन आदिवासी बायांनी शिबिरांतून उठून गावोगावचे गुत्ते गाठले आणि दारूची मडकी फोडली. हात जोडणं संपलं होतं. बायकोला मारणाऱ्याला त्या भर गावात जाब विचारत, तिची माफी मागायला लावत.