क्रेनवरचा डायनॅमिक लोड

५ टनाचा माल हुकला शांत टांगलेला असेल तर रोपवर (तारेच्या दोरावर) साधारण ४९ किलोन्यूटन ताण येतो, पण तोच माल उचलताना, ब्रेक मारताना किंवा फिरवताना रोप, बूम (क्रेनचा लांब हात), गर्डर (आडवी तुळई) सगळ्यांना त्याहून जास्त सोसावं लागतं, ह्या वरच्या ताणाला डायनॅमिक लोड म्हणतात.

सगळ्यात जास्त झटका बसतो तो माल जमिनीवरून सुटताना. रोप ढिला असतो, हुक वेगात वर येतो, रोप ताणला जातो आणि वजनाइतका ताण आला की माल सुटतो, पण हुकचा वेग तर तसाच असतो ना, म्हणून ताण अजून वाढत जातो. रोप आणि बूमला मिळून एक स्प्रिंग धरायची, मग जास्तीचा फोर्स = वेग × (कडकपणा × वस्तुमान) चं वर्गमूळ. कडकपणा (स्प्रिंग एक मीटर ताणायला लागेल तो फोर्स) मीटरला २००० किलोन्यूटन आणि हुकचा वेग सेकंदाला ०.२ मीटर धरला तर ५ टनासाठी २० किलोन्यूटन येतात, म्हणजे रोपवर एकूण ६९. वेग अर्धा केला की झटकाही अर्धा, म्हणूनच आधी रोप हळूच ताणून घ्यायचा आणि मगच उचलायचं, ही सवय खरंच फार मोलाची आहे. आयएसओ ८६८६ ह्या क्रेनवरच्या भारांच्या आंतरराष्ट्रीय मानकातला गुणकही (वजनाला ज्याने गुणायचं तो आकडा) हुकच्या वेगाप्रमाणेच वाढतो, क्रेन जितकी कडक तितका जास्त.

माल घसरून पडला तर मात्र हिशोब भीतीदायक होतो. वरच्याच क्रेनमध्ये ५ टनाने स्प्रिंग साधारण २५ मिलिमीटर ताणली जाते. स्लिंग (माल बांधायचा पट्टा किंवा दोर) कडेवरून सटकून माल फक्त १०० मिलिमीटर पडला तरी ताण वजनाच्या ४ पट होतो, आणि पडलाच नाही, नुसता आधार एकदम काढला तरी दुप्पट!! लोड चार्टवर (क्रेनने किती वजन उचलायचं त्या तक्त्यात) बसणारा माल असूनही रोप तुटतो तो अशा वेळी.

आडवं चालवताना माल लोलकासारखा झुलतो. ट्रॉली (हुक आडवा नेणारी वरची गाडी) एकदम सुटली तर तो हळू सुटल्यावर जितका मागे राहील त्याच्या दुप्पट झुलतो. ९ मीटर रोपला एक झोका साधारण ६ सेकंदांचा, त्यामुळे ट्रॉलीचा वेग बरोबर ६ सेकंद एकसारखा वाढवत नेला की शेवटी माल जवळपास झुलत नाही, थांबतानाही तसंच.