एस्केप रूममधली अ‍ॅनिमेट्रॉनिक पात्रं

एस्केप रूममधली अ‍ॅनिमेट्रॉनिक पात्रं म्हणजे मोटर, सेन्सर आणि स्पीकर बसवलेल्या कवट्या, म्हाताऱ्या, पोपट, भुतं वगैरे, जी खोलीत कोंडून घेतलेल्या मंडळींनी (कोडी सोडवत बंद खोलीतून बाहेर पडायचं, असा हा एस्केप रूमचा खेळ) काही केलं की मान वळवतात, बोलतात, हातातली किल्ली सोडतात. नुसती हलणारी पात्रं आपल्याला नवीन नाहीत, पुण्याची पोरं गणपतीतले हलते देखावे बघतच मोठी झालीत. पण देखाव्यातला नरसिंह समोर कोणी असो नसो, ठरल्या वेळी खांबातून बाहेर येतोच, आणि एस्केप रूममधल्या पात्राला मात्र कोणीतरी बरोबर गोष्ट करेपर्यंत गप्प बसावं लागतं. बनवणाऱ्याची खरी कसोटी त्या गप्प बसण्यात आहे.

हा खेळ जपानमधला, ताकाओ कातो यांनी २००७ मध्ये क्योटोत सुरू केला, त्याआधी तो कॉम्प्युटरवर क्लिक करत खेळायचा प्रकार होता. २०११ मध्ये बुडापेस्टला पॅरापार्क नावाची एस्केप रूम निघाली आणि मग हा खेळ युरोपभर पसरला. सुरुवातीला सगळा मामला कुलपं, चिठ्ठ्या आणि कपाटांचाच होता. यंत्राच्या पात्रांचा इतिहास त्याहून बराच जुना, टिपू सुलतानाचा माणसाला फाडणारा लाकडी वाघ (दांडा फिरवला की माणसाचा हात हलतो आणि आवाजही येतो) आज लंडनच्या म्युझियममध्ये आहे. डिस्नेलँडमध्ये १९६३ साली गाणारे यांत्रिक पोपट आले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात खुर्चीतून उठून भाषण करणारा लिंकन. पण हे पोपट काय नि लिंकन काय, आपल्या नरसिंहासारखेच, एकदा चालू केलं की ठरलेलं सगळं म्हणून दाखवणार.

बनवायला घेतलं की आधी डोळे करावेत, कारण माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. पिंगपाँगचे दोन बॉल, त्यांना डावीउजवीकडे फिरवायला एक सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर), वरखाली करायला एक, आणि पापण्यांना चार, म्हणजे सहा सर्व्हो नुसत्या डोळ्यांना. इथे एसजी ९० नावाचा ९ ग्रॅमचा निळा सर्व्हो पुरतो, मान किंवा जबड्याला मात्र धातूचे दात असलेला मोठा लागतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात आतून कर्र आवाज यायला लागतो. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, जाते, ती साधारण १ मिलिसेकंदाची असेल तर एका टोकाला, २ ची असेल तर दुसऱ्या टोकाला आणि दीडची असेल तर मधोमध, एवढंच त्याचं गणित आहे, आणि १६ सर्व्हो सांभाळणारं छोटं बोर्ड मिळतं ते आर्डुइनोला (पात्राला काय करायचं ते सांगणारा छोटा कॉम्प्युटर) जोडलं की वायरींचा गुंता जरा कमी होतो. जबडा आवाजाच्या चढउतारावर हलवतात. सिलिकॉनची कातडी चढवली की जबड्याला ती ओढत न्यावी लागते आणि छोटा सर्व्हो दम टाकतो, म्हणून एवढ्या खोल्यांमध्ये कवट्या दिसतात, ओठच नाहीत तर ओठांची हालचाल जुळवायचा प्रश्नच मिटला! शिवाय माणसाच्या जवळ जाणारा पण माणूस नसलेला चेहरा अंगावर येतो, जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे मांडलंय, भुताच्या खोलीत ते फायद्याचंच, लहान मुलांच्या खोलीत नाही.

आता गप्प बसणं. पूर्ण स्थिर ठेवलं तर पुतळा वाटतो आणि लोक त्यावर बॅगा ठेवतात, सतत हलवलं तर दोन मिनिटांत लक्ष जातं. मधला मार्ग म्हणजे छाती हळू वरखाली, पापण्या अनियमित अंतराने मिटणं (घड्याळासारख्या मिटल्या की खेळ संपला), आणि कधीतरी नजर आवाजाच्या दिशेने. मग टेबलावरच्या बरोबर खाचेत अंगठी ठेवली, अंगठीतला टॅग (छोटी चिप) खालच्या आरएफआयडी रीडरने, म्हणजे न टेकवता चिप ओळखणाऱ्या यंत्राने, वाचला, की आधी डोळे अंगठीकडे, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग मान वर. तो मधला क्षण काढला तर दिव्याचं बटण दाबल्यासारखं वाटतं, ठेवला तर पात्राने विचार केला असं वाटतं.

सगळ्यात हुशार वाटणाऱ्या पात्रामागे बरेचदा माणूसच असतो, गेममास्टर, म्हणजे बाहेर बसून खेळ चालवणारा, कॅमेऱ्यावर बघत माइकमधून बोलतो आणि जबडा त्याच्या आवाजावर हलतो. स्क्रीनवर हिंट येण्यापेक्षा कवटीने ‘अहो, उजवीकडे बघितलंत का’ म्हणणं कधीही भारी. बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर लावता येतं, पण सहा जण एकाच वेळी ओरडत असताना ते बिचारं काय ऐकणार.

हमखास होणारी भानगड म्हणजे दाराचं वीज दिल्यावर उघडणारं कुलूप आणि सर्व्हो एकाच सप्लायवर जोडणं, कुलूप सुटलं की व्होल्टेज पडतं आणि म्हातारी फेफरं आल्यासारखी थडथडते. सप्लाय वेगळे घ्यावेत, ग्राउंड (उणे बाजूची वायर) मात्र एकच ठेवावा. दुसरी भानगड खेळाडूच, घाईत लोक जबडा हाताने उघडून आत किल्ली शोधतात, त्यामुळे पात्र टेबलापलीकडे नाहीतर जाळीमागे बसवतात. आणि एक ग्रुप गेला की दुसरा यायच्या आत ते आपोआप मूळ जागी आलं पाहिजे, दरवेळी हाताने मान सरळ करावी लागणारं पात्र चालवणाऱ्यांना नकोसं होतं.

जानेवारी २०१९ मध्ये पोलंडच्या कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागून १५ वर्षांच्या पाच मुली गेल्या. पात्र कितीही देखणं असलं तरी बाहेर जायच्या वाटेत नको, आणि दार त्याच्या सर्किटवर अवलंबून असेल तर कुलूप असं हवं की लाइट गेली की सुटेल. चुंबकी कुलूप तसंच असतं, वीज तोडली की पकड सोडतं, फक्त त्याला बॅटरी बॅकअप दिलेला नको.